अभिचालित्र, मोटारसायकलीतील

अल्प विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने मोठ्या विद्युत् प्रवाहाचे मंडल जोडणाऱ्या वा तोडणाऱ्या प्रयुक्तीस अभिचालित्र म्हणतात. कारागीर व वाहनचालक यांच्यात ही प्रयुक्ती ‘रिले’ या नावाने परिचित आहे. मोटारसायकलीचा पुढचा दिवा किंवा भोंगा (हॉर्न) बदलून अधिक शक्तीचा बसविताना तिचा उपयोग विशेष करून केला जातो. अशा वेळी मूळच्या बारीक तारा व हँडलावरील लहान बटणे यांच्यावर मोठ्या प्रवाहाचा भार न टाकता तो घटमालेपासून (बॅटरीपासून) जवळच्या मार्गाने व जाड तारेने दिव्यापर्यंत नेला जातो आणि मूळच्या बटणाकडे केवळ आज्ञा देण्याचे काम उरते.

अभिचालित्राविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ते बसविल्याने दिव्याचा प्रकाश वाढतो, यावरून त्याच्यामुळे वाहनाची विद्युत् शक्ती वाढते असे समजले जाते. वस्तुतः अभिचालित्र शक्ती निर्माण करीत नाही, उलट स्वतःसाठी थोडी खर्चच करते. निर्माण झालेली शक्ती वाटेत वाया जाऊ न देणे एवढेच त्याचे कार्य आहे. यास्तव ते बसविण्यापूर्वी शक्ती वाटेत खरोखर किती वाया जाते व वाहनाचे जनित्र मुळात किती शक्ती पुरवू शकते, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळविणे आवश्यक असते.

इतिहास : अमेरिकन भौतिकीविज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास एका विद्युत् मंडलातील क्षीण प्रवाहाने विद्युत् चुंबक कार्यान्वित करून त्याच्याकरवी दुसऱ्या मंडलाचे नियंत्रण करून दाखविले. लांब पल्ल्याच्या तारायंत्रात हे तत्त्व फार उपयोगी पडले. दूरवरून आलेला क्षीण संदेश तारेच्या रोधामुळे पुढे पोहोचेनासा होई, तेव्हा मधल्या ठाण्यावर त्या क्षीण प्रवाहाने ताज्या घटमालेचे मंडल जोडले जाई व संदेश नव्या जोमाने पुढे जाई. दमलेला घोडा सोडून ताजा घोडा घेण्याच्या जुन्या टपालपद्धतीशी याचे साम्य असून ‘रिले’ हा इंग्रजी शब्द अशा बदली घोड्यांच्या व्यवस्थेवरूनच आला आहे. तारायंत्रातील लांब तार व मोटारसायकलीतील बारीक तार यांची अडचण तत्त्वतः एकच आहे. विद्युत् आरंभकाने (सेल्फ स्टार्टरने) सुरू होणाऱ्या मोटारसायकलीवर एक अभिचालित्र मूळचेच असते, कारण आरंभक चलित्रास लागणारा मोठा प्रवाह हँडलावरील बटणातून नेणे शक्यच नसते.

रचना व कार्य : वाहनांत सर्वसामान्यपणे वापरले जाणारे अभिचालित्र सु. २·५ ते ३ सेंमी. बाजूच्या घनाकृती प्लॅस्टिकच्या डबीत बसविलेले असते. तिच्यात लोखंडी गाभ्याभोवती बारीक निरोधित तारेचे वेटोळे, गाभ्यासमोर स्प्रिंगने दूर धरलेली लोखंडी पट्टी आणि या पट्टीच्या हालचालीने एकमेकांस टेकणारे स्पर्शक असतात. वेटोळ्यातून प्रवाह गेला म्हणजे गाभा चुंबकित होऊन पट्टीस ओढून घेतो व स्पर्शक जुळतात. प्रवाह थांबला की, स्प्रिंग पट्टीला पूर्वस्थितीत आणते व स्पर्शक विलग होतात. ही क्रिया काही सहस्रांश सेकंदांत घडते. १२ व्होल्टच्या अशा अभिचालित्राच्या वेटोळ्याचा रोध सु. ८० ते ९० ओहम असल्याने त्यास सु. ०·१५ अँपिअर प्रवाह, म्हणजे दोन वॉटपेक्षा कमी शक्ती पुरते. स्पर्शकांची क्षमता मात्र ३० वा ४० अँपिअर असू शकते.

डबीच्या तळाशी असलेल्या टोकांना जर्मन मानकानुसार क्रमांक दिलेले असतात व हेच क्रमांक जगभर रूढ झाले आहेत. क्र. ८५ व ८६ ही वेटोळ्याची टोके होत. क्र. ३० या टोकास घटमालेच्या धन अग्राकडून येणारी जाड तार जोडतात व क्र. ८७ या टोकापासून दिव्याकडे किंवा भोंग्याकडे तार जाते. वेटोळे निष्क्रिय असताना क्र. ३० व ८७ विलग असतात. पाच टोकांच्या प्रकारात ‘८७ अ’ हे आणखी एक टोक असते. वेटोळे निष्क्रिय असताना ते क्र. ३० शी जुळलेले असते व वेटोळे सक्रिय होताच विलग होते.

वेटोळ्यातील प्रवाह एकदम खंडित झाला म्हणजे त्यातील चुंबकीय क्षेत्र कोसळून क्षणभर शेकडो व्होल्टचा प्रतिदाब निर्माण होतो. त्याने बटणाच्या स्पर्शकांत ठिणगी पडते व वाहनातील इलेक्ट्रॉनीय भागांना धोका पोहोचू शकतो. यासाठी काही अभिचालित्रांत वेटोळ्याला समांतर असा एक रोधक किंवा अर्धसंवाहक द्विप्रस्थ (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारी प्रयुक्ती) बसविलेला असतो. द्विप्रस्थ असलेल्या प्रकारात क्र. ८६ हे टोक धन बाजूसच जोडावे लागते. जोडणी उलट झाल्यास द्विप्रस्थातून थेट मोठा प्रवाह वाहून वितळतार (फ्यूज) जळते किंवा बटण निकामी होते. साध्या व रोधकयुक्त प्रकारांत वेटोळ्याची टोके कशीही जोडली तरी चालतात.

दाबाचा ऱ्हास व प्रकाश : मोटारसायकलीच्या मूळच्या मंडलात पुढच्या दिव्याचा प्रवाह घटमालेपासून किल्लीच्या स्विचाकडे, तेथून हँडलावरील दिव्याच्या बटणाकडे, पुढे झोत बदलणाऱ्या बटणाकडे व शेवटी दिव्याकडे जातो. परतीचा प्रवाह तारेने वा वाहनाच्या सांगाड्यातून घटमालेच्या ऋण अग्राकडे येतो. या वाटेवरील प्रत्येक मीटर तार, प्रत्येक जोड व प्रत्येक स्पर्शक थोडाथोडा विद्युत् दाब खर्च करतो. ०·५ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सु. ०·०३५ ओहम असतो. तिच्यातून ५ अँपिअर प्रवाह गेल्यास दर मीटरला सु. ०·१७ व्होल्टचा ऱ्हास होतो. जाण्यायेण्याची वाट चार मीटर धरल्यास केवळ तारेत ०·७ व्होल्ट खर्च होतात. जुन्या वाहनातील काळवंडलेले स्पर्शक व गंजलेले जोड यांत तितकेच आणखी खर्च होणे अशक्य नाही. अशा वेळी घटमालेवर १३·२ व्होल्ट दाब असूनही दिव्याला ११·८ व्होल्टच मिळतात.

हा ऱ्हास दहाबारा टक्क्यांचा असल्याने क्षुल्लक वाटतो, परंतु टंगस्टन तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या सम प्रमाणात बदलत नाही. तो सर्वसाधारणपणे दाबाच्या ३·४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणून दाब ५ टक्के घटल्यास प्रकाश सु. १६ टक्के, १० टक्के घटल्यास सु. ३० टक्के आणि २० टक्के घटल्यास निम्म्याहून अधिक कमी होतो. शिवाय तंतूचे तापमान उतरल्याने उरलेला प्रकाश पिवळसर होतो. वरील उदाहरणात दिवा आपल्या योग्य प्रकाशाच्या सु. ६८ टक्केच प्रकाश देतो. अभिचालित्र बसवून व २·५ चौ. मिमी. छेदाची तार वापरून एकूण ऱ्हास ०·३ व्होल्टवर आणल्यास त्याच दिव्यापासून सु. ९२ टक्के प्रकाश मिळतो. दिवा न बदलता प्रकाशात झालेली ही वाढ पूर्वीच्या तुलनेने एक-तृतीयांशाहून अधिक आहे.

या फरकाचे महत्त्व रस्त्यावरील अंतरांत मोजता येते. ताशी ६० किमी. वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सु. १६·७ मी. अंतर कापते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मी. अंतर तेवढ्यातच संपते आणि कोरड्या रस्त्यावर साधारण जोराने ब्रेक लावल्यास थांबण्यासाठी आणखी सु. २८ मी. लागतात, म्हणजे एकूण सु. ५३ मी. हवेत. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्याने पूर्ण प्रकाशात ६० मी. वरून जेमतेम दिसणारी वस्तू ६८ टक्के प्रकाशात ढोबळमानाने ५० मी. वर आल्याशिवाय दिसत नाही. पहिल्या स्थितीत वाहन अडथळ्याच्या अलीकडे थांबते, दुसऱ्या स्थितीत थांबत नाही. दिवा बंद पडल्यास चालकास ते लगेच कळते. दिवा मंदावत गेल्यास मात्र डोळे त्यास सरावतात व दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

याला दुसरीही बाजू आहे. तंतूचे आयुष्य दाबाच्या सु. १३ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. योग्य दाबापेक्षा ५ टक्के अधिक दाब मिळाल्यास आयुष्य जवळजवळ निम्मे होते. म्हणून ऱ्हास दूर करण्यापूर्वी वाहनाचा दाब नियामक ठीक असल्याची, म्हणजे इंजिन वेगात असताना घटमालेवरील दाब सु. १४·५ व्होल्टच्या वर जात नसल्याची खात्री करून घेतात.

ऱ्हासाचे मापन : अभिचालित्राची गरज आहे किंवा नाही, हे अंदाजाने न ठरविता दाबमापकाने ठरविणे इष्ट असते. इंजिन चालू ठेवून व दिवा लावून दाबमापकाचे एक टोक घटमालेच्या धन अग्रास व दुसरे दिव्याच्या धन टोकास लावल्यास येणारे वाचन म्हणजे जाण्याच्या वाटेवरील ऱ्हास होय. त्याचप्रमाणे दिव्याचे ऋण टोक व घटमालेचे ऋण अग्र यांमधील वाचनावरून परतीच्या वाटेवरील ऱ्हास समजतो. मापन दिवा जळत असतानाच केले पाहिजे, कारण प्रवाह वाहत नसेल तर खराब जोडही निर्दोष भासतो. दोन्ही मिळून ऱ्हास अर्ध्या व्होल्टच्या आत असल्यास अभिचालित्राने फारसा लाभ होत नाही. ऱ्हास मुख्यतः परतीच्या वाटेवर असल्यास दोष बहुधा सांगाड्याशी असलेल्या जोडातील रंग वा गंज यांचा असतो व तो खरवडून घट्ट केल्याने काम भागते. अनेकदा स्विचांचे स्पर्शक व जोड स्वच्छ केल्यानेच निम्मा ऱ्हास नाहीसा होतो.

दिव्याचे मंडल : दोन तंतूंच्या दिव्यात लांबचा झोत (चालकांच्या भाषेत ‘अप्पर’) व जवळचा झोत (‘डिपर’) यांसाठी स्वतंत्र तारा व एक सामाईक परतीची तार असते. ‘एच ४’ या प्रकारच्या दिव्याचे तंतू ६० व ५५ वॉटचे असतात, तर लहान मोटारसायकलींतील ‘एचएस १’ या प्रकाराचे दोन्ही तंतू ३५ वॉटचे असतात. १२ व्होल्टवर ६० वॉटचा तंतू ५ अँपिअर, तर ३५ वॉटचा सु. ३ अँपिअर प्रवाह घेतो. थंड टंगस्टनाचा रोध तप्त स्थितीतील रोधाच्या सु. एक-दशांश असल्याने दिवा लावताच क्षणभर याच्या अनेक पट प्रवाह वाहतो. हँडलावरील स्पर्शक काळे पडण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

सर्वांत विश्वसनीय मांडणीत प्रत्येक झोतास एक याप्रमाणे दोन अभिचालित्रे वापरतात. दिव्याकडे येणारी मूळची डिपरची तार पहिल्या अभिचालित्राच्या क्र. ८६ ला व अप्परची तार दुसऱ्याच्या क्र. ८६ ला जोडतात. दोन्हींची क्र. ८५ ही टोके ऋण बाजूस जातात. घटमालेच्या धन अग्रापासून दोन वितळतारांमधून निघणाऱ्या दोन जाड तारा क्र. ३० च्या टोकांना व क्र. ८७ पासून निघणाऱ्या तारा दिव्याच्या दोन तंतूंना जोडल्या जातात. दिव्याची परतीची तारही तितकीच जाड घेऊन थेट घटमालेच्या ऋण अग्रास नेतात. आज्ञा मूळच्या मंडलातूनच येत असल्याने किल्ली बंद करताच दिवा विझतो व उभ्या वाहनाची घटमाला रिती होत नाही.

दोन्ही झोतांसाठी एकच वितळतार ठेवणे धोक्याचे असते. ती वितळल्यास घाटातील वळणावर भर वेगात संपूर्ण अंधार होतो. दोन स्वतंत्र वितळतारा असल्यास एक झोत गेला, तरी बटण सरकवून दुसरा मिळतो. पाच टोकांच्या अभिचालित्राने झोत बदलण्याचीही एक पद्धत आहे. तीत डिपर ‘८७ अ’ वर व अप्पर ८७ वर ठेवतात, त्यामुळे झोत बदलणारे वेटोळे तुटले तरी डिपर जळत राहतो. तथापि हा लाभ वेटोळ्यातील दोषापुरताच असतो, सामाईक तारेतील दोषाविरुद्ध त्याचा उपयोग नाही. ‘एच ४’ दिव्याचे दोन्ही तंतू एकदम जळत राहतील अशी जोडणी करू नये, कारण त्याने काचेचे व धारकाचे तापमान प्रमाणाबाहेर वाढते.

भोंग्याचे मंडल : विद्युत् भोंग्यात विद्युत् चुंबक एका पातळ पडद्यास ओढतो, पडद्याच्या हालचालीने मंडल तुटते, पडदा मागे येतो व मंडल पुन्हा जुळते. ही क्रिया सेकंदाला शेकडो वेळा घडून ध्वनी निर्माण होतो. म्हणजे भोंगा स्वतःच प्रवाह सतत तोडत असतो व त्याच्या ठिणग्यांचा परिणाम बटणापर्यंत पोहोचतो. एक साधा भोंगा सर्वसाधारणपणे २ ते ४ अँपिअर प्रवाह घेतो. उच्च व नीच स्वरांची जोडी बसविल्यास प्रवाह दुपटीहून अधिक होऊ शकतो व मूळच्या बारीक तारेत दाब इतका घटतो की, नवे भोंगे घोगरे वाजतात. नव्या भोंग्यात दोष आहे असे समजून तो परत करण्याचे प्रकार यातूनच घडतात. दाबित हवेच्या भोंग्याचे संपीडक चलित्र १५ ते २० अँपिअर प्रवाह घेऊ शकते. त्यासाठी अभिचालित्राला पर्याय नसतो.

भोंग्याच्या जोडणीत एक बाब ध्यानात ठेवावी लागते. काही मोटारसायकलींत भोंग्यास धन दाब सतत मिळतो व बटण ऋण बाजू जोडते, तर काहींत बटण धन बाजू जोडते. दोन्ही प्रकारांना लागू पडणारी सोपी रीत म्हणजे मूळच्या भोंग्याच्या दोन्ही तारा सोडवून त्या अभिचालित्राच्या क्र. ८५ व ८६ ला जोडणे. अभिचालित्राला हा जणू एक लहानसा भोंगाच भासतो. क्र. ३० ला वितळतारेतून आलेली जाड तार व क्र. ८७ ला नव्या भोंग्यांकडे जाणारी तार जोडतात. दोन भोंगे नेहमी समांतर जोडतात, एकसरीत जोडल्यास एकही नीट वाजत नाही.

प्रत्यावर्ती प्रवाहावरील दिवे : १०० घ. सेंमी. वर्गाच्या अनेक जुन्या मोटारसायकलींत व स्कूटरींत पुढचा दिवा घटमालेवर नसून थेट जनित्राच्या प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहावर चालतो. इंजिन मंदावले की दिवा मंदावतो व इंजिन वेगात येताच तो उजळतो, ही त्याची खूण होय. अशा मंडलातून एकदिश प्रवाहाच्या अभिचालित्रास आज्ञा दिल्यास त्याची पट्टी थरथरते व स्पर्शक लवकर जळतात. म्हणून येथे अभिचालित्र बसविण्यापूर्वी सर्व दिवे एकदिश प्रवाहावर आणावे लागतात. त्यासाठी जनित्राच्या वेटोळ्याची जोडणी, एकदिशकारक व दाब नियामक बदलणे आणि बहुधा मोठी घटमाला बसविणे भाग पडते. हा बदल न करता केवळ दिवा घटमालेवर टाकल्यास ती काही दिवसांत रिती होते.

निर्मितीची मर्यादा : अधिक वॉटचा दिवा बसविणे हा ऱ्हास दूर करण्याहून वेगळा प्रश्न आहे. बाजारात मिळणारा १०० वॉटचा दिवा १२ व्होल्टवर ८ अँपिअरहून अधिक प्रवाह मागतो. प्रज्वलन, मागचा दिवा व घटमालेचे भारण यांसाठी लागणारी शक्ती वजा जाता जनित्राजवळ एवढी शक्ती उरते किंवा नाही, हे पाहावे लागते. यासाठी सर्व दिवे लावून इंजिन प्रवासातील नेहमीच्या वेगाने चालवितात व घटमालेवरील दाब मोजतात. तो १३ व्होल्टच्या वर टिकल्यास निर्मिती पुरेशी आहे असे समजतात. विश्रांतीतील पूर्णभारित शिसे-अम्ल घटमालेचा दाब सु. १२·६ ते १२·७ व्होल्ट असतो, म्हणून वाचन याच्या खाली उतरल्यास घटमाला भारित न होता रिती होत आहे हे निश्चित होते. दिव्याची उष्णता हाही विचार करण्याजोगा भाग आहे. प्लॅस्टिकचे परावर्तक व धारक मूळच्या वॉटसाठीच बनविलेले असल्याने जादा उष्णतेने ते वितळतात किंवा काळवंडतात. मूळचाच दिवा ठेवून त्यास पूर्ण दाब मिळवून देणे हा बहुसंख्य वाहनांच्या बाबतीत अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो.

तारा, वितळतारा व जोड : वितळतार दिव्याचे नव्हे, तर तारेचे रक्षण करते. ती घटमालेच्या धन अग्रापासून शक्य तितक्या जवळ, सु. १५ सेंमी. च्या आत बसवितात. घटमाला व वितळतार यांमधील तारेचे निरोधक वेष्टन घासून ती सांगाड्यास टेकल्यास प्रवाह अडविणारे काहीही नसते व वाहन पेट घेऊ शकते. वितळतारेची क्षमता भाराच्या सव्वा ते दीडपट वा त्यापुढील उपलब्ध श्रेणीची घेतात, उदा., ५ अँपिअरच्या दिव्यासाठी १० अँपिअर व ८ अँपिअरच्या भोंग्यांच्या जोडीसाठी १५ अँपिअर. वितळतार पुनःपुन्हा वितळत असल्यास मोठी घालणे हा उपाय नव्हे. दोष शोधावा लागतो.

मोटारसायकलीत कंपने सतत होत असल्याने जोड दाबून बसविलेल्या टोकांचे व उष्णतेने आकसणाऱ्या नळीने झाकलेले असावेत. नुसती पीळ दिलेली व चिकटपट्टी गुंडाळलेली तार पावसाळ्यात हमखास दगा देते. डाख दिलेली तार डाखाच्या कडेशी ताठ होते व आधार नसल्यास तेथेच तुटते. हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून तारेवर ताण येत नसल्याचे पाहतात. अभिचालित्र इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, रबरी आधारावर व टोके खाली येतील असे बसवितात, म्हणजे पाणी डबीत न शिरता खाली निथळते. कोकणासारख्या अतिपावसाच्या व खाऱ्या हवेच्या प्रदेशात सीलबंद प्रकारचे अभिचालित्र व जोडांवर पातळ ग्रीजचा थर उपयुक्त ठरतो.

दोष व त्यांचा शोध : बटण दाबल्यावर अभिचालित्रातून ‘टक्’ असा आवाज येत असेल व दिवा लागत नसेल, तर आज्ञेचे मंडल ठीक असून दोष वितळतार, जाड तार, स्पर्शक किंवा दिवा यांत असतो. आवाजच येत नसेल तर बटण, वेटोळे किंवा त्याचा ऋण जोड तपासावा लागतो. सतत थरथर ऐकू आल्यास घटमालेचा दाब फार उतरला आहे किंवा आज्ञेचा जोड सैल आहे असे समजावे. बटण सोडूनही भोंगा वाजत राहिल्यास स्पर्शक वितळून जुळलेले असतात व अभिचालित्र बदलावे लागते. लांबच्या प्रवासात एक जादा अभिचालित्र व काही वितळतारा जवळ ठेवणे आणि मूळचा जोड न कापता तो पुन्हा जोडता येईल असा ठेवणे, ही अनुभवी चालकांची पद्धत आहे.

कायदा व इतरांची सोय : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार अनेक स्वरांचे एकामागून एक वाजणारे तसेच कर्कश, तीव्र वा भीतिदायक आवाज करणारे भोंगे वाहनावर बसविण्यास मनाई आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांत २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने शांतता क्षेत्रात आणि रात्री निवासी भागात आणीबाणीचा प्रसंग वगळता भोंगा वाजविण्यास बंदी करण्यात आली. दिव्याच्या बाबतीत समोरून येणाऱ्याचे डोळे दिपणार नाहीत हे पाहणे तितकेच आवश्यक असते. प्रकाश वाढला म्हणजे झोताच्या उंचीतील लहानशी चूकही अधिक जाचक ठरते, म्हणून अभिचालित्र बसविल्यानंतर झोताची उंची चालक वाहनावर बसलेला असताना पुन्हा जुळवून घेतात.

अलीकडील बदल : १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकी वाहनांत इंजिन सुरू असताना पुढचा दिवा आपोआप जळत राहण्याची व्यवस्था सक्तीची झाली. अशा वाहनांत दिव्याचा भार सततचा असल्याने तारेतील व जोडांतील ऱ्हासाचे महत्त्व वाढले आहे. दुसरीकडे, प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थांचे (एलईडी) दिवे थोड्या शक्तीत पुरेसा प्रकाश देतात व बहुतेकांतील अंतर्गत नियामक दाबातील थोडाफार ऱ्हास भरून काढतो. त्यांच्यासाठी अभिचालित्राची गरज बहुधा उरत नाही, मात्र जास्त शक्तीचे जादा दिवे बसविताना ते वापरावे लागते. ज्या वाहनांत दिव्याचा प्रवाह इलेक्ट्रॉनीय नियंत्रक स्वतः मोजतो, तेथे अभिचालित्राने प्रवाह घटल्यावर नियंत्रक दिवा निकामी झाल्याची सूचना देऊ शकतो. अशा ठिकाणी निर्मात्याच्या सूचनांप्रमाणेच बदल करणे योग्य असते.